लुगडं वर खोचायचं गाव



गेल्या वर्षी या सदरात आपण कोपीटियमच्या टेबलाशी बसून ‘कोपी-ओ’, ‘कोपी-सी’ आणि ‘कोसोंग’ यांचा उलगडा केला होता. त्यानंतर बऱ्याच मैत्रिणींनी सांगितलं, की आता न अडखळता बिनसाखरेची कॉफी मागता येते. सदराचं सार्थक झालं म्हणायचं! यंदा कॉफीवरून उठून गावाकडे जाऊ या.

निमित्त माझ्या लेकीच्या गृहपाठाचं. ती प्रायमरी फोरमध्ये आहे. जुलैत, रेशियल हार्मनी डेच्या आठवड्यात, शाळेतून एक कागद आला. तुमचं कुटुंब मूळ कुठलं, त्या जागेचं नाव काय आणि ते नाव कसं पडलं, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहा. योगायोगाने माझे वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. लेकीने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

“आजोबा, तुमचं गाव दाखवा ना.”

अण्णांनी चष्मा लावला. पुणे सापडलं. सोलापूर हायवे धरून खाली येत भिगवण सापडलं. मग रस्त्याच्या कडेला पळसदेव सापडलं. लेक म्हणाली, “हेच ना?”

“हे नवं,” अण्णा म्हणाले. “आपलं इथं.” आणि त्यांनी बोट ठेवलं ते थेट निळ्या पाण्यावर.

“पण इथे तर पाणी आहे, आजोबा.”

“हां. पाण्याखालीच आहे.”

आजोबा चेष्टा करताहेत की काय, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. पण त्या गोष्टीकडे मी शेवटी येते. आधी आम्ही काय केलं ते सांगते. नोकरी सुटली तरी शिकवायची सवय सुटत नाही. मी लेकीला म्हटलं, आपल्या गावाच्या नावाचं लिहायचंच आहे, पण तू जिथे जन्मलीस तिथली नावं कशी पडली ते तरी तुला ठाऊक आहे का?

सुरुवात सोपी. सिंगापूर म्हणजे सिंहपूर. कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर यांच्या शेपटीला जे ‘पूर’ आहे तेच इथेही. हे आपल्याला पाठ असतं. पण रोज एमआरटीत बसून ज्या स्टेशनांची नावं आपण कानाआड करतो, त्यांतली निम्मी जुन्या गावांची, झाडांची, पाणथळींची नावं आहेत. टॅम्पिनिस हे ‘तेंपिनिस’ नावाच्या झाडावरून. कांपोंग ग्लाम हे ‘गेलाम’ झाडावरून. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, चिंचवड, तशातलंच. तोआ पायोह मोठं गमतीचं. ‘तोआ’ म्हणजे होक्कियन चिनी बोलीत मोठा आणि ‘पाया’ म्हणजे मलयमध्ये दलदल. अर्धं नाव चिनी, अर्धं मलय, मिळून ‘मोठी दलदल’. आज तिथे चालताना पायाला चिखलाचा ठिपका लागत नाही.

आणि आपलं लाडकं धोबी घाट! आपण तिथे तीन लाइनी बदलायला उतरतो. तिथे खरोखरच ओढा होता आणि हिंदुस्थानातून आलेले धोबी त्यात कपडे धुवून जवळच्या मोकळ्या गवतावर वाळत घालायचे. ओढा कालव्यात बंदिस्त झाला, धोबी गेले, गवत गेलं. पण सिंगापूरच्या चिनी, मलय, तमीळ सगळ्या मुलांच्या तोंडी आपले दोन शब्द राहिले. माझी लेक इतके दिवस तो एकच शब्द समजत होती!

नावं बदलण्याचेही प्रयोग इथे झाले. 1980च्या सुमारास चिनी बोलींमधली नावं मँडरिन उच्चारांत आणायची लाट आली होती. अननस आणि रबराच्या व्यवसायातले मोठे उद्योजक लिम नी सून यांच्या नावाची जागा ‘यीशून’ झाली. आपण भाजी-मासळीला जातो त्या टेक्काचं तर फारच झालं. टेक्का म्हणजे होक्कियनमध्ये ‘बांबूच्या बेटाचा पायथा’. 1982 मध्ये नवीन बाजाराची इमारत झाली तेव्हा तिला त्याच अर्थाचं मँडरिन नाव दिलं, ‘झूजिआओ सेंटर’. अर्थ तोच, पण लोकांच्या तोंडात बसेना. तमीळ फूलवाल्यालाही नको, मलय मटणवाल्यालाही नको. सगळे टेक्काच म्हणत राहिले. अखेर 2000 साली पाटी बदलली आणि ‘टेक्का सेंटर’ झालं. अठरा वर्षं लोक पाटीकडे न बघता बाजार करत होते, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय शोधले. पण गावांच्या नावांपाशी मात्र फारसी ठाण मांडून बसली ती आजतागायत. पुण्याजवळ वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द आहेत, कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द आहेत, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत. लहानपणी मला वाटायचं, हे बुद्रुक म्हणजे कोणी जुने सरदार असावेत! बुद्रुक म्हणजे फारसी ‘बोजोर्ग’, मोठा. ‘बुजुर्ग’ हा आपला शब्द त्याचाच भाऊ. खुर्द म्हणजे लहान. किरकोळ विक्रीला हिंदीत ‘खुदरा’ म्हणतात आणि ‘सुटे पैसे’ म्हणजे आपला ‘खुर्दा’, तोही याच घरातला. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली, की सारा वसूल करणाऱ्या कारकुनाचा घोळ व्हायचा. बहमनी काळापासून दक्षिणेतला कारभार फारसीत चाले, म्हणून एकाला बुद्रुक आणि दुसऱ्याला खुर्द असा शिक्का बसला. आज कित्येक खुर्द वाढून बुद्रुकपेक्षा मोठी झाली आहेत, पण शिक्का पुसला गेला नाही.

इराणातल्या खेड्यांची नावं बघितली, तर आपल्याच तालुक्याची यादी वाचतोय असं वाटतं. तिथेही एकाच नावाच्या दोन खेड्यांत एक ‘बोजोर्ग’ असतं आणि दुसरं ‘कुचेक’, म्हणजे धाकटं. काही जोड्यांत वरच्या अंगाचं गाव ‘ओल्या’ आणि खालच्या अंगाचं ‘सोफ्ला’. हे मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “वरच्या गावाला ओल्या म्हणत्यात व्हय? आपल्याकडं तर खालचं गाव ओलं होतं.”

मग मी त्यांना म्हटलं, अण्णा, सिंगापुरातही असं एक ओलं होणारं गाव आहे. चला, दाखवते.

आपल्यापैकी काही जण तिथे जाऊन आले असतील. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सिंगापूरच्या मुख्य बेटावर शिल्लक राहिलेलं शेवटचं खेडं म्हणजे कांपोंग लोरोंग बुआंगकोक. यीओ चू कांग रस्त्याच्या आतल्या अंगाला, हाउगांग आणि बुआंगकोकच्या उंच इमारतींच्या मध्ये, सुमारे तीन एकरांचा तुकडा. 1956 मध्ये एका चिनी वैद्याने ही जमीन विकत घेतली आणि थोड्या भाड्यावर लोकांना घरं बांधू दिली. आज पंचवीसेक चिनी आणि मलय कुटुंबं तिथे राहतात. पत्र्याची छपरं, लाकडी भिंती, दारापुढे अंगण, फळझाडं, विजेच्या तारा डोक्यावरून गेलेल्या आणि एक छोटी सुराव, म्हणजे नमाजाची जागा.

नावाची फोड करू या. ‘कांपोंग’ म्हणजे मलयमध्ये गाव. इंग्रजीतला ‘कंपाउंड’ हा शब्द यावरूनच आला असं बरेच भाषातज्ज्ञ मानतात, म्हणजे आपल्या शाळेच्या कंपाउंडची भिंतसुद्धा मलय निघाली! ‘लोरोंग’ म्हणजे बोळ. आणि ‘बुआंगकोक’ म्हणजे चिनी बोलीत ‘सगळी राष्ट्रं’. इतक्याशा खेड्याला इतकं मोठं नाव कसं? तर या भागात सिंगापूर युनायटेड रबर प्लँटेशन्स नावाच्या कंपनीचे रबराचे मळे होते. त्यातल्या ‘युनायटेड’चं चिनी लोकांनी आपल्या भाषेत ‘बुआंगकोक’ केलं. इंग्रजी कंपनीचं चिनी भाषांतर मलय बोळाला चिकटलं आणि गावाचं नाव झालं.

पण हे झालं कागदावरचं नाव. गावाला आणखी एक नाव आहे आणि तेच मला अण्णांना सांगायचं होतं. कांपोंग सेलाक काइन. ‘काइन’ म्हणजे कापड, नेसूचं. ‘सेलाक’ म्हणजे वर उचलणं. जमीन सखल, मोठा पाऊस आला की ओढ्याचं पाणी गावात शिरायचं आणि बायामाणसं सारोंग वर धरून पाण्यातून चालायची. म्हणून ते ‘लुगडं वर खोचायचं गाव’. हे नाव कोणत्याही कंपनीने दिलं नाही आणि कोणत्याही कारकुनाने लिहून घेतलं नाही. ज्यांचे पाय भिजले त्यांनीच ठेवलं.

आम्ही गेलो तो रविवार होता. आदल्या रात्री पाऊस झाला होता. अण्णा बुटांनी मातीवर उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांनी वास घेतला. “महिना झाला येऊन,” ते म्हणाले, “पण माती आज लागली पायाला.” खरं होतं. आमच्या ब्लॉकपासून बसस्टॉपपर्यंत छत आहे आणि छताखाली फरशी. लेक कोंबड्यांमागे पळत होती. तिला मी दटावलं, कारण ते काही संग्रहालय नाही, तिथे माणसं राहतात. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजीबाईंनी हात केला. अण्णांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्या मलयमध्ये काही म्हणाल्या, अण्णा मराठीत काही म्हणाले आणि दोघांचं समाधान झालं.

परत फिरताना अण्णांनी एकच प्रश्न विचारला. मला वाटलं होतं, भाडं किती, पाणी कुठून येतं, असं काहीतरी विचारतील. ते म्हणाले, “यांना नोटीस आली का?”

मी सांगितलं, की सरकारच्या मास्टर प्लॅनमध्ये या जागेवरून रस्ता आणि शाळा दाखवल्या आहेत. 2017 मध्ये पार्लमेंटमध्ये हा विषय निघाला तेव्हा सरकारतर्फे सांगितलं गेलं, की इतक्यात तसं काही करायचा विचार नाही आणि करायची वेळ येईल तेव्हा इथल्या कुटुंबांशी बोलूनच करू.

“म्हणजे यायची आहे,” अण्णा म्हणाले.

घरी येताना बसमध्ये मी त्यांना समजूत घालावी तसं बोलून गेले. म्हटलं, इथे 1960 मध्ये हाउसिंग बोर्ड आलं आणि पुढच्या वर्षांत बेटावरची कितीतरी कांपोंग उठली. लोकांना पक्की घरं, नळ, वीज मिळाली, मुलं शिकली. आणि गावं गेली तरी नावं ठेवली त्यांनी, स्टेशनांना, वसाहतींना. आपल्या पळसदेवचंही तसंच ना? गाव बुडालं, पण नाव तर राहिलं.

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नावात राहता येतं का, पोरी?”

मी गप्प बसले.

आता पळसदेवकडे येते. नावात पळस आहे आणि देव आहे, पळसनाथ महादेव. भीमेच्या काठचं गाव, इंदापूर तालुक्यातलं. उजनी धरणाचं काम 1980 मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या आगेमागे भीमेचा फुगवटा चढत गेला. काठावरची गावं एकामागून एक उठली. पळसदेवकर वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला येऊन राहिले. अण्णा तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. माझा जन्म नव्या गावातला, त्यामुळे मला तेच ‘गाव’. त्या पाण्यावर आमच्या भागात ऊस झाला, भिगवणला मासळीचा बाजार आला, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि पुण्याहून लोक कॅमेरे घेऊन येतात. माझं शिक्षण त्याच पाण्यावरच्या उसाने झालं. म्हणून त्या धरणाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण ते पाणी अण्णांच्या घरावर उभं आहे, हेही खरं.

पाऊस कमी झाला आणि उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं, की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं. आधी विटांचं शिखर दिसतं, मग खालची दगडी बांधणी. अशा वेळी वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि बघायला गर्दी होते. लहानपणी एका अशा उन्हाळ्यात अण्णा मला तिथे घेऊन गेले होते. बाकीचे लोक देवळाकडे चालले होते. अण्णा मात्र चिखल तुडवत भलत्याच दिशेला गेले आणि एका जागी उभे राहून म्हणाले, “हा उंबरा.” मला तिथे फक्त भेगाळलेला गाळ दिसला. तेव्हा मी कंटाळले होते, मला तहान लागली होती आणि घरी जायचं होतं. आज त्या कंटाळ्याची लाज वाटते.

बसमधल्या त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण लेकीकडे गृहपाठाचा कागद होता. रात्री जेवणं झाल्यावर ती अण्णांजवळ बसली. “आजोबा, पाण्याखाली काय काय आहे त्याची नावं सांगा, मी लिहिते.”

आणि अण्णा सांगू लागले. गावाचं नाव नकाशावर आहे, पण नकाशावर कधीच नव्हती ती नावं. चिंचेचं वावर. थोरली विहीर आणि नुसती विहीर. मळईची पट्टी, जिथे भुईमूग व्हायचा. धुण्याचा खडक. बैल धुवायचा उतार. भावकीतल्या भांडणानंतर जिला सगळे ‘वादाची’ म्हणायचे ती अर्धा एकर जमीन. घरामागचा ‘पडका’, जो अण्णांच्या आजोबांच्या आधीपासून पडलेलाच होता. यातलं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. चाळीशीला आलेली मी, मराठीत एम. ए. केलेली, इतकी वर्षं मुलांना ‘माझे गाव’ हा निबंध शिकवलेली! मी वडिलांना हा साधा प्रश्न कधी विचारला नव्हता.

अकरा नावं झाली आणि अण्णा अडले. देवळाकडून नदीवर उतरायची जी वाट होती, तिला एक नाव होतं. तोंडाशी येत होतं, पण सापडत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं वाजवली. लेक पेन्सिल धरून थांबली. शेवटी ते म्हणाले, “जाऊ दे. माझ्या बरोबरीचे आता दोघंच राहिलेत, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.” हसून बोलले, पण त्या रात्री त्यांचा दिवा बराच वेळ जळत होता.

शाळेत जायच्या कागदावर लेकीने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. पळस हे लाल फुलांचं झाड, देव म्हणजे ईश्वर, गाव आता धरणाखाली आहे, कधी कधी देऊळ वर येतं. बाईंनी शेजारी तारा काढला. अकरा नावांचा कागद मात्र तिने शाळेत दिला नाही. तो आमच्या फ्रिजवर, मॅग्नेटखाली आहे.

ऑगस्टमध्ये अण्णा परत गेले. ते गेल्यानंतर आठवड्याने सकाळी साडेसातला फोन वाजला. आपल्याकडे साडेसात म्हणजे तिकडे पहाटेचे पाच. एवढ्या पहाटे गावाकडून फोन आला, की परदेशात राहणाऱ्या माणसाचं काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. थरथरत्या हाताने उचलला.

“घसरंडी!” अण्णा जवळजवळ ओरडलेच. “त्या वाटेचं नाव घसरंडी! पावसाळ्यात बाया घागर घेऊन उतरताना लुगडं वर खोचायच्या न् तरी घसरायच्या, म्हणून घसरंडी. पोरीला सांग, लिहून घ्यायला.”

लेक दप्तर भरत होती. तिने दप्तर टाकलं, फ्रिजवरचा कागद काढला आणि बारावं नाव लिहिलं.

मंडळी, पुढच्या दिवाळी अंकासाठी एक विनंती करते. तुमच्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना या दिवाळीत फोन कराल तेव्हा गावाचं नाव कसं पडलं ते विचारा. आणि तेवढ्यावर थांबू नका. विहिरीचं, वावराचं, वाटेचं, ओढ्याचं, चाळीतल्या जिन्याचं, ज्याला कोणाला घरातल्यांनी नाव ठेवलं असेल ते सगळं लिहून घ्या आणि मला पाठवा. पुढच्या वर्षी हे सदर तुमच्या नावांचं असेल. फक्त उशीर करू नका.